केनिया : उंचीवर ठरणारे हवामान

आपला मुलगा किंवा लेक नैरोबीला नोकरीस असेल आणि यंदा आपण महिना-दोन महिने तिकडे राहण्यास निघणार असाल, तर बॅगेत आधी स्वेटर ठेवा. केनियातून विषुववृत्त जाते हे खरे. पण तेथील हवा ठरते ती उंचीवर. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर वसले आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही किंचित वर. जून ते ऑगस्टमध्ये तेथे आभाळ दाटलेले असते आणि पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो.

एवढ्या उंचीचा निरोगी माणसाला त्रास होत नाही. ज्यांचे हृदय अशक्त आहे किंवा फुप्फुसांचा जुना विकार आहे, त्यांना मात्र सुरुवातीस जिना चढताना धाप लागू शकते. त्यांनी पहिले काही दिवस विश्रांतीचेच समजावेत. (तेथे पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळते आणि डाळ लवकर शिजत नाही. प्रेशर कुकर सोबत नेणाऱ्या आजीबाई शहाण्याच म्हणायच्या!)

नैरोबीहून मोंबासाला २०१७ पासून नवी रेल्वे धावते. पाच-सहा तासांत ती आपल्याला पठारावरून थेट हिंदी महासागराच्या काठी आणून सोडते. तेथे मुंबईसारखाच घाम आणि दमटपणा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना या बदलात चक्कर येऊ शकते. गोळीचे प्रमाण बदलावे लागेल का, हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून ठेवा. पश्चिमेला व्हिक्टोरिया सरोवराकाठचे किसुमू सुमारे १,१३० मीटरवर, म्हणून उबदार. उत्तरेकडचा तुर्काना रखरखीत. मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यामुळे आपली मे महिन्याची सुट्टी नेमकी चिखलात सापडते.

डासही उंचीचा हिशेब पाळतात. नैरोबीत मलेरियाचा धोका कमी. किनाऱ्यावर आणि विशेषतः सरोवराकाठी तो बराच अधिक. नातवंडांबरोबर तिकडे सहल ठरली, तर प्रतिबंधक गोळ्या कोणत्या, हे आपली चालू औषधे पाहूनच ठरवावे लागते. शेजाऱ्याला दिलेली गोळी आपल्याला चालेलच असे नाही.

पीतज्वराच्या लशीचा प्रश्न याहून नाजूक आहे. केनियाहून परतणाऱ्याकडे भारतात या लशीचे प्रमाणपत्र मागितले जाते. ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. पण ही जिवंत विषाणूंची लस आहे. साठीनंतर प्रथमच घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता थोडी वाढते, आणि स्टेरॉइड किंवा कर्करोगाची औषधे चालू असतील तर ती बहुधा टाळावीच लागते. म्हणून तिकीट काढण्याआधी आपल्या डॉक्टरांशी आणि मान्यताप्राप्त लसीकरण केंद्राशी बोला. विमानतळावर पोहोचल्यावर या प्रश्नाला सोपे उत्तर उरत नाही.

आता आजारी पडल्यास जावे कोठे? येथे तेथील राज्यकारभार समजून घेणे उपयोगाचे ठरते. २०१० च्या राज्यघटनेने जुन्या आठ प्रांतांच्या जागी ४७ काउंटी आणल्या. मार्च २०१३ च्या निवडणुकीपासून प्रत्येक काउंटीला निवडून आलेला गव्हर्नर आणि स्वतःचे विधिमंडळ आहे. दवाखाने, काउंटी रुग्णालये आणि रुग्णवाहिका हे काउंटीचे काम. आरोग्य धोरण आणि नैरोबीच्या केन्याटा रुग्णालयासारखी राष्ट्रीय संदर्भ रुग्णालये केंद्राकडे. राष्ट्रीय महसुलाचा निदान १५ टक्के वाटा काउंट्यांना द्यावा, असे घटनेतच लिहिले आहे. निर्णय रुग्णाच्या जवळ आले ही चांगलीच गोष्ट. मात्र एका काउंटीतली सोय शेजारच्या काउंटीत असेलच, असे गृहीत धरता येत नाही. तेव्हा मुलांना पत्ता विचारताना काउंटी कोणती, रात्री उघडे असणारे जवळचे रुग्णालय कोणते आणि आपला प्रवास विमा तेथे चालतो का, हेही लिहून घ्या. सफारीला निघालात तर तेथल्या काउंटीचीही अशीच चौकशी करा.

भाषेची धास्ती नको. इंग्रजी चालतेच, शिवाय स्वाहिलीत औषधाला ‘दावा’ आणि डॉक्टरला ‘डाक्टारी’ म्हणतात. मधुमेहींनी ‘चाय बिला सुकारी’ एवढे पाठ करावे, म्हणजे बिनसाखरेचा चहा. कारण तेथलाही चहा आपल्यासारखाच दूध घालून उकळलेला आणि बहुधा गोड असतो.

परत आल्यावर तीन महिन्यांत, क्वचित त्यानंतरही, ताप आला तर ‘हवा बदलली असेल’ म्हणून घरी थांबू नका. आफ्रिकेतला फॅल्सिपेरम मलेरिया वृद्धांच्या बाबतीत एक-दोन दिवसांतच मेंदू किंवा मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि खोकल्याची किंवा अंगदुखीची हकिगत सांगण्याआधी पहिले वाक्य हे उच्चारा : ‘मी केनियाहून आलो आहे, माझे रक्त तपासा.’