तिच्या नावापुढचं शून्य

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले. माझं गाव तिथून फार लांब नाही. आजोबा मराठा पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आलेले, वडील, म्हणजे आमचे आबा, त्याच पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघालेले. मीही भरतीला उभा राहिलो होतो. पळण्यात पास झालो, पण छाती फुगवायला सांगितल्यावर ती पाहिजे तेवढी काही फुगेना. मग आयटीआयला जाऊन मोटार मेकॅनिक झालो. तिथल्या अर्जात 'माजी सैनिकाचा पाल्य' असा एक रकाना होता, तो मी ठसठशीत अक्षरात भरला होता. आबांच्या नोकरीचं आम्हा मुलांना काय काय मिळालं, हे मी आजही बोटांवर मोजून सांगेन. आईला काय मिळालं, हा प्रश्न मला पन्नाशीपर्यंत पडला नव्हता.

थोरली आक्का नर्स होऊन अमेरिकेत गेली. तिनं माझ्यासाठी केलेल्या अर्जाचा नंबर लागायला 11 वर्षं लागली. 2001च्या उन्हाळ्यात मी आणि बायको जॉर्जियात उतरलो आणि सप्टेंबरात ते दोन टॉवर पडले. वर्षभर मोटेलात काम केलं. ग्रीनकार्डवाल्याला तिथं सैन्यात जाता येतं हे तेव्हा कळलं. शिवाय जुलै 2002मध्ये बुश यांनी हुकूम काढून सेवेत असणाऱ्या परदेशी माणसांना नागरिकत्वासाठी वर्षानुवर्षं थांबायची गरज ठेवली नाही. त्याच ऑक्टोबरात मी सही केली. छाती कुणी मोजली नाही. आबांना फोन लावला तर ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या फौजेत?" "आजोबा तरी कुणाच्या फौजेत होते?" हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

आता मुद्द्यावर येतो. अमेरिकन सैनिकाला शिक्षणासाठी जी मदत मिळते तिला सगळे जीआय बिल म्हणतात. पहिला कायदा 1944चा, महायुद्धावरून परतणाऱ्यांना कॉलेजात घालणारा. माझ्या पिढीला लागू झालेला कायदा 2008चा. जिम वेब हे व्हिएतनाममध्ये लढलेले सिनेटर त्याच्या मागे होते. त्यात 36 महिन्यांचं शिक्षण मिळतं. कॉलेजचं वर्ष नऊ महिन्यांचं धरलं तर बरोबर चार वर्षं, म्हणजे एक आख्खी पदवी. सरकारी विद्यापीठात राज्यातल्या विद्यार्थ्याची पूर्ण फी, पुस्तकांना वर्षाला 1,000 डॉलरपर्यंत, आणि वर कॉलेज ज्या भागात असेल तिथला सार्जंटला मिळतो तसा घरभाडेभत्ता. खाजगी कॉलेजच्या फीला मात्र वरची मर्यादा असते.

हे सगळं मुळात सैनिकाच्या स्वतःच्या शिक्षणासाठी. पण कायदा होताना पेंटागॉनला धास्ती होती की एवढी मोठी मदत मिळाली तर पोरं पहिली टर्म संपताच गणवेश उतरवून कॉलेजात जातील. म्हणून तोड काढली: सहा वर्षं सेवा झालेल्यानं आणखी चार वर्षं राहायचं कबूल केलं, तर हे महिने बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर करता येतील. मी कित्येक वर्षं याला सरकारची मेहेरबानी समजत होतो. ती मला थांबवून ठेवण्याची किंमत होती, आणि ती चार वर्षं घरातल्या चौघांकडून वसूल होणार होती, हे डोक्यात शिरायला फार वेळ लागला.

ऑगस्ट 2009. आम्ही तेव्हा कॅन्ससमध्ये फोर्ट रायलीला होतो. योजना त्याच महिन्यात सुरू झालेली आणि आमच्या युनिटमध्ये जो तो कॉम्प्युटरसमोर बसलेला. मीही रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर घरातल्या तिघांची नावं, प्रत्येकापुढे एक चौकोन, त्यात महिने लिहायचे. मुलगी सहा वर्षांची होती, मुलगा तीन. मी 18 लिहिले, खाली पुन्हा 18. भावाबहिणीत निम्मं-निम्मं, वाद नको. बायकोच्या नावापुढे आधीपासून शून्य होतं. ते तसंच राहू दिलं.

ती भांडी आवरून हात पुसत मागे येऊन उभी राहिली. पडद्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. मी समजलो, पटलं तिला. आमच्याकडे बाई गप्प बसली की ती 'हो' म्हणाली असंच धरतात. ही रीत मी साताऱ्याहून थेट कॅन्ससपर्यंत विनातक्रार वाहून नेली होती.

त्या गप्प बसण्याआधी काय झालं होतं, तेही सांगायला हवं. ती कराडची, बी.एस्सी. झालेली. टेक्ससला फोर्ट हूडला असताना तिनं जवळच्या कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगच्या आधीचे विषय घ्यायला सुरुवात केली होती. शरीररचनेचं एक विटेएवढं जाड पुस्तक आणलं होतं. 2007मध्ये मी इराकला गेलो. त्या वर्षी सैन्यानं मुक्काम 12 महिन्यांवरून 15 केला होता. मुलगा वर्षाचा, मुलगी चारची, जवळचं नातलग दोन राज्यं पलीकडे. तिनं कॉलेज सोडलं. मी परत आलो तेव्हा घर टापटीप होतं आणि मुलगा मला बघून आईच्या मागे लपला. कॉलेजचं काय झालं हे मी विचारलं नाही, कारण मला वाटलं ते आपोआप थांबलं असेल, पावसानं क्रिकेट थांबतं तसं.

पुस्तक मात्र तिनं टाकलं नाही. फोर्ट हूड, फोर्ट रायली, जर्मनीतलं फिल्झेक, मग वॉशिंग्टन राज्य. दर बदलीला सामानाचं वजन होतं, आणि दर बदलीला मी कुरकुर करायचो, "ही वीट कशाला?" ती गुपचूप खोक्यात तळाला घालायची.

मी वीस वर्षं सेवा केली. या वीस वर्षांत मित्रांच्या घरी, आक्काकडच्या गणपतीत, गावी पारावर, मी एक वाक्य अभिमानानं म्हणत आलो: "मी स्वतःसाठी एक महिना ठेवला नाही, सगळं पोरांना दिलं." माना डोलायच्या. आपल्याकडे पोटाला चिमटा काढून पोरं शिकवणाऱ्या बापाला केवढा मान. कुणी कधी विचारलं नाही की चिमटा नक्की कुणाच्या पोटाला बसला.

मुलगी 2021मध्ये विद्यापीठात गेली. पहिली दोन वर्षं फीचा एक डॉलर आम्ही भरला नाही. मी खूश होतो, आणि खरं सांगायचं तर थोडा माजलोही होतो. तिनं कॉम्प्युटर सोडून समाजकार्य घ्यायचं ठरवलं तेव्हा मी म्हणालो, "हे महिने मी इराकमध्ये घाम गाळून कमावलेत, असे उधळायला नाहीत." ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही इराकमध्ये होता तेव्हा मी चार वर्षांची होते. ते पंधरा महिने माझ्या खात्यात कुठे लिहिलेत?" मी चिडलो. उर्मट म्हणालो तिला. पण त्या रात्री झोप नीट लागली नाही, आणि पुढे समाजकार्याबद्दल मी तोंड उघडलं नाही.

2023मध्ये तिचे 18 महिने संपले. मुलाच्या नावावरचे 18 तसेच पडून होते, आणि नावावर केलेले महिने एका मुलाकडून दुसऱ्याकडे फिरवता येतात, अगदी निवृत्तीनंतरही. बायको म्हणाली, तिला थोडे द्या. मी नाही म्हणालो. वाटणी म्हणजे वाटणी. शेताच्या बांधासारखी माझ्या डोक्यात ती रेघ पक्की होती. पोरीनं तिसऱ्या वर्षाचं कर्ज काढलं आणि संध्याकाळी एका कॅफेत काम धरलं. बांध राखल्याचं समाधान मला होतं.

मग 2024च्या वसंतात मुलगा बारावी संपवता संपवता म्हणाला, मला कॉलेजला जायचं नाही. मारामारी नाही, आदळआपट नाही. त्याला काही वर्षं काम करून बघायचं होतं. त्याला समजावण्यात दोन आठवडे गेले आणि ते वायाच गेले. ते इथं लिहीत बसत नाही.

एका रविवारी सकाळी चहा घेताना बायको म्हणाली, "मग त्याचे महिने माझ्या नावावर होतील का?"

इतक्या साध्या आवाजात म्हणाली की आधी मला कळलंच नाही. मी विचारलं, "कशाला?" आणि विचारल्याबरोबर समोरच्या फडताळात खालच्या कप्प्यातली ती वीट दिसली. ती कायम तिथंच होती.

लॅपटॉप उघडला. नियम मला पाठ होते असा माझा समज होता. युनिटमधल्या कितीतरी पोरांना मीच बसवून ते समजावले होते. तरी पुन्हा वाचले. सेवेत असताना ज्याला निदान एक महिना दिला, त्याचे महिने निवृत्तीनंतर कमीजास्त करता येतात. ज्याला एकही दिला नाही, त्याला मग कधीच नाही. म्हणूनच जाणती मंडळी सांगतात, घरातल्या प्रत्येकापुढे एक तरी आकडा घालून ठेवा. मी स्वतः हे पोरांना सांगितलं होतं! "बाळ झालं की लगेच त्याच्या नावावर एक महिना टाकायचा," असं. बायकोच्या नावापुढे एक टाकायला मला 2009 ते 2022 अशी तेरा वर्षं मिळाली होती. मी डिसेंबर 2022मध्ये निवृत्त झालो होतो. दार बंद होऊन दीड वर्ष झालं होतं.

आणि त्यातली मेख पाहा. बायकोला हे महिने तेव्हाच्या तेव्हा वापरता आले असते. मुलांसाठी माझी दहा वर्षं पूर्ण व्हायला हवी होती, त्यांनी अठरा वर्षांचं तरी व्हायला हवं होतं किंवा शाळा तरी संपवायला हवी होती. तिला कसलीच अट नव्हती. मी सेवेत असेपर्यंत घरभाड्याचा भत्ता मिळाला नसता, एवढंच. फी मिळालीच असती. मुलं मोठी व्हायची वाट बघत ते महिने बारा वर्षं नुसते पडून होते आणि ती त्यांच्या शेजारी भांडी घासत होती, बेसवरच्या पाळणाघरात दुसऱ्यांची मुलं सांभाळत होती.

हे तिला सांगताना माझी जीभ अडखळली. ती म्हणाली, "मला माहीत होतं. मी त्या रात्री वाचलं होतं तुमच्या पाठीमागून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचाराल असं वाटलं होतं."

यावर काय बोलणार?

माझं मत बदललं ते या टेबलावर. ते नेमकं काय बदललं, हे मला अजून धड सांगता येत नाही. मुलांच्या शिक्षणाला हे महिने देणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. पोरगी कर्जाचं ओझं न घेता दोन वर्षं शिकली, पुढे मुलाच्या वाट्यातले नऊ देऊन तिचं चौथंही वर्ष सुटलं, आणि यंदा जूनमध्ये ती पदवी घेऊन बाहेर पडली. आबांना व्हिडिओवर टोपी दाखवली. मला पटेनासं झालंय ते 'मी दिलं' हे. माझं म्हणून मी जे वाटत सुटलो, त्यातलं निम्मं तरी आधीच दुसऱ्या कुणीतरी भरलेलं होतं. आणि जिनं भरलं तिला वाटणीच्या कागदावर मी साधं विचारलंही नव्हतं.

नऊ महिने अजून शिल्लक आहेत. मुलाला सव्वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत, म्हणजे 2032पर्यंत, ते वापरता येतील. हा पोरगा कधी काय ठरवेल नेम नाही. नाहीतर मी ते परत माझ्याकडे घेऊन स्वतः कॉलेजात जाऊ शकतो. कायद्याला चालतं. पन्नाशीतल्या, साताऱ्यात आयटीआय झालेल्या मेकॅनिकला चालतं, आणि जिनं मागितले तिला नाही. बायको म्हणते, "जावा की, वाया कशाला घालवताय?" मी अजून अर्ज उघडलेला नाही.

ती मात्र या सप्टेंबरपासून जाते. घरापासून वीस मिनिटांवर कम्युनिटी कॉलेज आहे. नर्सिंगला प्रवेश मिळेल की नाही हे पुढचं पुढे, आधी जुने विषय पुन्हा घ्यायचे, कारण टेक्ससमधले मार्क आता कुणी धरत नाही. फी कशी भरणार, असा एक प्रश्न त्यांच्या फॉर्मवर असतो. कर्ज, शिष्यवृत्ती, सैनिकी लाभ, स्वतः. मी शेजारीच बसलो होतो. तिनं 'स्वतः'वर खूण केली आणि पुढचं पान काढलं.

सोमवार-बुधवार संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आलाय. भाकरी मला अजून जमत नाही, कडेला फाटते. पहिल्या दिवशी ती शरीररचनेचं तेच जुनं पुस्तक पिशवीत घालून गेली. रात्री आली, पिशवी खुर्चीवर ठेवली, म्हणाली, "ही आवृत्ती चालत नाही. नवीन घ्यावं लागलं."

"केवढ्याला?" मी विचारलं.

"भरले मी," ती म्हणाली, आणि ताटावर बसली.