वाजवून पाहा

मुलांनो, उन्हाळा आला की पुष्कळ घरांत नवा माठ येतो. माठ घेताना मोठी माणसे तो बोटांनी वाजवून पाहतात. खणखणीत आवाज आला, तर माठ चांगला. बद्द आवाज आला, तर त्याला कुठेतरी तडा आहे असे समजावे. मातीच्या प्रत्येक भांड्यात असा आवाज असतो. भांड्याच्या तोंडावर चामडे ताणून बसवले, की त्याचेच वाद्य होते.

गोव्यातील घुमट हे असेच वाद्य आहे. त्याला दोन तोंडे असतात. मोठ्या तोंडावर चामडे असते आणि लहान तोंड उघडे असते. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे कातडे वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले. आता बकऱ्याचे कातडे वापरतात. काश्मीरमध्ये मातीचीच तुंबकनारी वाजवतात. नगारा, तबला, डफ हे शब्द तर तुमच्या चांगल्या ओळखीचे आहेत. नक्कारा, तब्ल आणि दफ या अरबी शब्दांपासून ते आले आणि मराठीत घरच्यासारखे राहिले.

मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक आहे. एका वर्षी सहावीच्या मुलांबरोबर मी घुमटासारखी लहान वाद्ये करायला घेतली. आमच्याकडची जमीन काळी. तिच्यात कापूस चांगला येतो. पण ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणून आम्ही तळ्याकाठची माती आणली. खडे आणि मुळे वेचली. मातीत बारीक वाळू व चाळलेली राख मिसळली. मग ती पायांनी तुडवली आणि हातांनी मळली.

मुलांनी मातीच्या लांब वळ्या केल्या. एकीवर एक वळी ठेवून, ओल्या बोटाने सांधे मिटवून, मडक्याचा आकार दिला. वर्गात एक कुंभाराचा नातू होता. त्याचे मडके सर्वांत आधी उभे राहिले. हळूहळू सगळी मुले त्यालाच विचारू लागली. गणिताच्या तासाला मागच्या बाकावर गप्प बसणारा तो मुलगा त्या दिवशी सारखा बोलत होता.

दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा शाळेत आले. ते रागावलेले होते.

“गुरुजी, नातवाले शिकाले पाठवलं. तुमी त्याले पुन्हा मातीतच बसवता का?”

मुलांनो, आजोबांचा प्रश्न खरा होता. त्यांनी जन्मभर चाक फिरवले होते. घरोघरी स्टील, प्लास्टिक आणि फ्रीज आल्यावर मडक्यांची विक्री घटली. कष्ट तेवढेच राहिले, पैसा कमी झाला. आणि गावात मान तरी किती मिळाला?

मी म्हणालो, “आजोबा, तुमचा नातू एकटा मातीत बसलेला नाही. पाटलांचा मुलगा आहे, दुकानदाराची मुलगी आहे, माझी मुलगीही आहे.”

आजोबा काही न बोलता निघून गेले.

हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला एक शिक्षण परिषद भरली होती. हाताने काम करता करता मुलांनी शिकावे, असा विचार गांधीजींनी तेथे मांडला. त्याची योजना आखण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. हेच पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. या शिक्षणाला ‘नई तालीम’ म्हणतात. कुंभाराच्या मुलाने कुंभारच व्हावे, असा तिचा अर्थ नाही. काम सर्वांनी करावे आणि त्यातून सर्वांनी शिकावे, असा तिचा अर्थ आहे.

आम्हीही शिकत होतो. ओल्या मातीच्या पट्टीवर मुलांनी १० सेंटिमीटरची रेघ ओढली होती. वाळल्यावर ती ९ सेंटिमीटरच भरली. पाणी उडून गेल्याने माती आक्रसली होती. मडकी आम्ही उन्हात न ठेवता सावलीत वाळवली, कारण एक बाजू लवकर सुकली तर तडा जातो. आत ओल राहिली, तर भट्टीत तिची वाफ होऊन मडके फुटते.

भट्टी लावण्याच्या दिवशी आजोबा पुन्हा आले. कोणी बोलावले नव्हते. त्यांनी गोवऱ्या आमच्या हातांतून घेतल्या आणि आवा स्वतः रचला. दुसऱ्या दिवशी राख बाजूला करून त्यांनी एकेक मडके टिचकी मारून पाहिले. ३१ पैकी ७ त्यांनी वेगळी ठेवली. वरून ती चांगली दिसत होती. मुलांनी निरखून पाहिले, तेव्हा प्रत्येकात केसासारखी तड सापडली.

“आजोबा, तुम्हाला कसे कळले?” मुलांनी विचारले. मग आजोबा तासभर शिकवत होते आणि मी मुलांमध्ये बसून ऐकत होतो.

भिजवलेले चामडे आम्ही मडक्यांवर दोरीने घट्ट बांधले. वाळताना ते ताणले गेले. उजव्या हाताने थाप मारायची आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकायचे, उघडायचे. तेवढ्याने आवाज बदलतो.

जाताना आजोबा मला म्हणाले, “त्याले खूप शिकवा. पण त्याले माती समजते, हे कोणी हसण्यावारी नेऊ नका.”

मुलांनो, तुमच्याही गावात किंवा मोहल्ल्यात कुंभार, शिंपी, सुतार, विणकर असतील. त्यांच्याकडे जा आणि त्यांना एक तरी प्रश्न विचारा. उत्तर ऐकताना त्यांच्या हातांकडे नीट पाहा.