माहजाँगच्या सोंगट्या

लेकाकडं हाँगकाँगला गेले, तेव्हा शेजारीण मला तिच्या सासूच्या वृद्ध केंद्रात घेऊन गेली. माहजाँगच्या सोंगट्यांचा नुसता खडखडाट! सकाळची न्याहारी विसरलेल्या आजी सोंगटी मात्र अंगठ्यानं चाचपून ओळखत होत्या.

या विस्मरणाला तिथं पूर्वी 'खुळेपणा'च म्हणत. आपलं 'साठी बुद्धी नाठी', कन्नडातलं 'अरवत्तक्के अरळु मरळु' तरी काय वेगळं? तिथं आता ते नाव बदललंय. २०१७ पासून सरकारी रुग्णालयं नि अशी केंद्रं मिळून रुग्णांकडं बघतात, घरच्यांनाही शिकवतात. "आता मी चिडत नाही," शेजारीण हसली, "निदान रोज नाही."

बेळगावात आईवर मी किती ओरडले होते! रात्री फोन लावला. "जेवलीस का?" तिनं पाचदा विचारलं. पाचही वेळा "हो आई, जेवले" म्हटलं.