परक्या सुरांचा सोयरा

मनुष्याला काही सूर जन्मतःच लाभतात. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीच्या यात्रेत नगाऱ्याचा घोष ऐकत वाढणाऱ्या बंजारा मुलाला त्याचा ठेका मुद्दाम शिकवावा लागत नाही. खेळता खेळताच तो अंगी मुरतो. परंतु काही माणसे दूरदेशीचे सूर ऐकून भारावतात आणि जन्मभर त्यांचीच उपासना करतात. चिक चॉकलेट हे अशांपैकीच एक होते.

नाव ऐकून हसू येईल. पण ते एका थोर वादकाचे आहे. त्यांचे मूळ नाव अँतोनियो झेवियर व्हाझ. गोव्यातील हळदोणे या गावी १९१६ साली त्यांचा जन्म झाला. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता होती. तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना युरोपीय स्वरलेखन शिकवीत. पुस्तक वाचावे तसे ही मुले कागदावरील स्वर वाचीत. याच विद्येच्या बळावर कित्येक गोमंतकीय वादक पोटासाठी मुंबईस येत.

अमेरिकेत गुलामगिरी सोसलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांनी 'जाझ' नावाचे संगीत निर्माण केले. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि त्या सुरांनी येथील वादकांना वेड लावले. पण जाझमध्ये नुसते लिहिलेले स्वर वाचून भागत नाही. आपला गवई रागात आयत्या वेळी नवी उपज करतो, तशी जाझवादकालाही करावी लागते. वाचून वाजवण्याची सवय जडलेल्यास हे कठीणच! चिक यांनी पितळी ट्रंपेटवर ते साध्य केले. अमेरिकेतील थोर ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्यावरून लोक त्यांना 'भारताचे लुई आर्मस्ट्राँग' म्हणू लागले. पुढे त्याच ताजमध्ये त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद वाजू लागला.

गौरव मोठा खरा. पण दुसऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा कलावंत नुसता नकलाकारच नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर चित्रपटगीतांनी दिले. पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांना चिक साहाय्य करीत. १९५१ सालच्या भगवानदादांच्या 'अलबेला' चित्रपटात हिंदी शब्दांच्या जोडीला ट्रंपेट घुमला. ज्यांनी जाझचे नावही ऐकले नव्हते, त्यांचे पायही त्या तालावर थिरकले. परके सूर आता परके उरले नाहीत.

१९६७ साली चिक निवर्तले. गीत गाजले म्हणजे गायकाचे नाव होते, संगीतकाराचे होते. मागे बसून वाजवणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच कोणाच्या ओठी येते. म्हणून जुनी गीते ऐकताना दोन कडव्यांच्या मधल्या जागेकडेही कान द्यावा. तेथे घुमणाऱ्या पितळी सुरामागे कोणा साधकाची वर्षानुवर्षांची तपश्चर्या उभी असते.