कित्ता

कित्ता गिरवणारें मूल कित्त्यांतील अक्षर शुद्ध आहे कीं नाहीं हें पाहत नाहीं. तें गिरवीत जातें. गुरुजींच्या 'ळ'ला बाक असला, तर तो साऱ्या वर्गाच्या हस्ताक्षरांत उतरतो. हें आम्हांस ठाऊक होतें. पण आपणही एके दिवशीं कित्ता घालून देणाऱ्यांच्या पंक्तीस जाऊन बसलों आहों, ही गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरा आली.

आम्हीं दोन स्नेह्यांच्या साहाय्यानें एक लहानशी ओपन-सोर्स लायब्ररी लिहिली आहे. लायब्ररी म्हणजे येथें ग्रंथालय नव्हे. इतरांनीं आपापल्या प्रोग्राममध्यें उचलून वापरावयाच्या तयार कोडाची ती पेटी होय. एका संगणकानें दुसऱ्याशीं नेटवर्कवरून बोलावें, एवढ्यापुरतीं आमच्या पेटींतील हत्यारें आहेत. तिच्याबरोबर 'उदाहरणें' या नांवाचा एक फोल्डर होता, व त्यांत तेवीस प्रोग्राम होते. होते म्हणजे साठले होते. कांहीं नवशिक्यांसाठीं लिहिलेले, कांहीं आम्हींच रात्रीं-अपरात्रीं एखादी शंका फेडण्यासाठीं खरडलेले. 'चाचणी-दोन', 'नवें', 'नवें-खरें' अशीं त्यांचीं नांवें. माळ्यावरील अडगळीस जी शिस्त असते तीच येथें होती. पाहुणा यावयाचा म्हणून कोणी माळा झाडीत नाहीं. तसे आम्हीही स्वस्थ होतों.

एके दिवशीं दूरच्या एका गांवाहून, शेतकी शिकविणाऱ्या एका गृहस्थांचें पत्र आलें. शेतांत ठेवलेल्या पर्जन्यमापकाचे आंकडे ते आमच्या लायब्ररीच्या साहाय्यानें आपल्या खोलींतील संगणकावर घेत असत. मधूनमधून ३४ मिलिमीटरच्या जागीं ३ अशी नोंद होई, आणि पुढची नोंद नुसती ४. "माझेंच कांहीं चुकत असेल," असें लिहून त्यांनीं आपला प्रोग्राम सोबत जोडला होता. तो आम्हीं उघडला. आमच्या पहिल्या उदाहरणाच्या बत्तीस ओळी त्यांत जशाच्या तशा होत्या. आमच्या टिपणींतील शुद्धलेखनाची चूकसुद्धां त्यांनीं जपली होती!

दोष त्यांचा नव्हता. टी. सी. पी. या पद्धतीनें संगणक जें धाडतो तो पत्रांचा गठ्ठा नसून पाण्याचा प्रवाह असतो. पाठविणाऱ्यानें एक घागर ओतली म्हणून घेणाऱ्यास एकदम घागरभर पाणी मिळेल असें नाहीं. दोन तांबे येतील, किंवा दोन घागरी मिसळून येतील. क्रम बिघडत नाहीं, परंतु घागरीची सीमा उरत नाहीं. ती घेणाऱ्यानें स्वतः ओळखावयाची असते. आमच्या उदाहरणांत मात्र एकदां वाचून जें हातीं आलें, तोच पुरा निरोप मानला होता. आम्हीं तें पारखलें होतें १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे आमच्याच संगणकाला आमच्याच संगणकाशीं बोलावयास लावून. घरांतल्या घरांत निरोप कधीं तुटला नाहीं. शेतांतील उपकरण एकेक अंक सुटा पाठवीत होतें. तेथें तो तुटला. पावसाळ्याचे अडीच महिने या नोंदी होत गेल्या होत्या, आणि त्यांतील खऱ्या किती व तुटक्या किती, हें आतां कोणालाच सांगतां येणार नव्हतें.

आमच्या माहितीपुस्तकांत हा इशारा होता, सातव्या प्रकरणांत! पण लोक आधीं उदाहरण उतरून घेतात, व पुस्तक अडल्यावर उघडतात. आम्हीही तेंच करतों. उदाहरणांतील पत्त्यांवरून गोंधळ होऊं नये म्हणून १९९९ च्या जूनमध्यें आर. एफ. सी. २६०६ या टिपणानें 'एक्झाम्पल डॉट कॉम' हें नांव मुद्दाम राखून ठेवलें. डॅनियल स्टेनबर्ग यांच्या, १९९८ सालीं निघालेल्या 'कर्ल'बरोबर शंभरांहून अधिक उदाहरणें मिळतात; तेथेंही आमच्या संकेतस्थळावर आपले प्रयोग करूं नका, अशी विनवणी करावी लागली आहे.

आम्ही आवराआवरीस बसलों, आणि एका स्नेह्याशीं वाद झाला. त्याचें म्हणणें, उदाहरण आंखूड असावें. प्रत्येक संकटाची तरतूद त्यांत घातली कीं मूळ गोष्ट झाडींत हरवते. हें खोटें नाहीं. दोन संध्याकाळ भांडून आम्ही जेथें पोंचलों तें असें: जी उणीव पहिल्याच दिवशीं आरडाओरड करते, ती राहिली तरी चालेल. सर्व्हर बंद असला तर प्रोग्राम तेथेंच कोसळतो, व उतरून घेणारा सावध होतो. पण जी उणीव मुकाट्यानें अर्धा आंकडा पुरा म्हणून हातीं ठेवते, तिला उदाहरणांत थारा नाहीं. ओळी वाढल्या तर वाढोत. बत्तीसांच्या एकेचाळीस झाल्या.

बाकीचें काम हमालीचें. आमच्या स्वतःच्या चाचण्या निराळ्या फोल्डरमध्यें हलविल्या. फंक्शनांवरून दिलेलीं नांवें काढून कामांवरून ठेवलीं, कारण नवख्यास आपलें काम ठाऊक असतें, आमचें फंक्शन नव्हे. क्रमांक घालून पाहिले. मध्यें एक उदाहरण घुसवितांच पुढचे सारे बदलावे लागले, तेव्हां ते काढून टाकले. लायब्ररींत काडीइतका बदल झाला तरी सर्व उदाहरणें आपोआप पुन्हां कंपाइल व्हावींत, आणि पहिल्या उदाहरणास निरोप मुद्दाम एकेक अक्षर तोडून पाठविला जावा, अशी व्यवस्था केली. तेविसांपैकीं नऊ उदाहरणें उरलीं. कांहीं पुसतांना जिवावर आलें, हें कबूल करतों.

चूक आमची होती असें त्या गृहस्थांस कळवून आम्हीं नवें उदाहरण धाडलें. त्यांचें उत्तर लगेच आलें. गेलेल्या आंकड्यांविषयीं त्यांत एक अक्षरही नव्हतें. निरोप अर्ध्यावर असतां वीज गेली व जोडणी तुटली तर काय करावें, याचें एखादें उदाहरण आहे काय, एवढेंच त्यांनीं विचारलें होतें. नव्हतें. तें सध्यां लिहीत आहों, आणि पारखण्यासाठीं दर दहा मिनिटांनीं राऊटरची तार उपटीत आहों. घरांतील मंडळी त्यामुळें त्रासून गेली आहे.