ताहितीच्या वाळूवर

पृथ्वीचा गोल फिरवून पॅसिफिक महासागराची निळी बाजू आपल्याकडे केली, तर तिच्या दक्षिणार्धांत कांहीं बारीक ठिपके दिसतात. वडील माणसांना ते चष्म्याशिवाय दिसावयाचे नाहींत. त्यांपैकीं एक ठिपका म्हणजे ताहिती. येथून ऑस्ट्रेलियाचें सिडनी शहर सुमारें सहा हजार किलोमीटर पश्चिमेस, तर अमेरिकेचें लॉस अँजेलिस त्याहूनहि कांहींसें अधिक दूर ईशान्येस. बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १,०४५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याएवढें. वस्ती दोन लक्षांच्या आंत. पुण्यांत सकाळचे सहा वाजतात, तेव्हां तेथें आदल्या दिवसाची अडीच वाजतांची दुपार असते. अशा या एकाकी बेटावर सप्टेंबर २०१३ मध्यें सोळा देशांचे संघ अनवाणी पायांनीं फुटबॉल खेळावयास जमले होते. वाळूवरील फुटबॉलची ती जागतिक स्पर्धा होती. तिच्या निमित्तानें या बेटाची व तेथील माणसांची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ताहिती हें ज्वालामुखीच्या उद्रेकांतून समुद्राबाहेर आलेलें बेट आहे. नकाशांत पाहिलें असतां एक मोठें व एक लहान अशीं दोन वर्तुळें चिंचोळ्या भूपट्टीनें जोडलेलीं दिसतात. मोठ्यास ताहिती नुई व लहानास ताहिती इती म्हणतात. ओरोहेना हें सर्वोच्च शिखर २,२४१ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जवळ जवळ सहाशें मीटर अधिक. सह्याद्रीप्रमाणेंच हाहि डोंगर काळ्या कातळाचा आहे. त्याच्या कड्यांवरून कोसळणारे धबधबे पाहून घाटावरच्या माणसास आपण फार दूर आलों आहों असें वाटावयाचें नाहीं. या कातळाचा चुरा होऊन बेटाच्या किनाऱ्यावर बरेच ठिकाणीं जी वाळू झाली आहे, ती काळीभोर आहे. रत्नागिरीस ज्यांनीं काळा समुद्र व पांढरा समुद्र असे दोन्ही किनारे पाहिले आहेत, त्यांना याचें नवल वाटणार नाहीं. किनाऱ्यापासून कांहीं अंतरावर प्रवाळाची भिंत आहे. महासागराच्या लाटा त्या भिंतीवर फुटतात, आणि आंतलें पाणी एखाद्या तळ्याप्रमाणें शांत राहतें.

डोंगर आणि समुद्र यांच्यामध्यें सपाट जागा इतकी थोडी कीं, विमानतळाची धावपट्टी या उथळ पाण्यांत भराव घालूनच करावी लागली. विमानांतून उतरणाऱ्या प्रवाशास समोर मूरेआ बेटाचे सुळके दिसतात, आणि प्रथम जो सुगंध येतो तो तिआरे नांवाच्या पांढऱ्या फुलाचा. आपल्या बागेंतील अनंताच्याच कुळांतलें हें फूल. पापेएते या राजधानीच्या बाजारांत त्याचे हार व वेण्या विकावयास असतात, आणि तें खोबरेल तेलांत मुरवून केलेलें सुवासिक तेल घरोघरीं वापरतात. स्त्रिया आणि पुरुषहि हें फूल कानावर खोवतात. डाव्या कानावर असेल तर माणूस संसारी, उजव्या कानावर असेल तर अद्याप मोकळा, असा संकेत आहे. कुंकू आणि मंगळसूत्र यांचें काम जेथें एक फूल करतें, तेथें पुरुषासहि आपली स्थिति जगास सांगावी लागते, ही गोष्ट आमच्या वाचकभगिनींस खचित आवडेल!

याच बाजारांत नीरफणसहि दिसतो. कोंकणांत व गोव्यांत ज्याचीं कापें तळतात तोच हा. या फळाच्या रोपांसाठींच १७८८ मध्यें बाउंटी नांवाचें इंग्रजी गलबत ताहितीस आलें होतें, आणि परत जातांना त्यावरच खलाशांचें तें जगप्रसिद्ध बंड झालें. त्यापूर्वीं १७६७ मध्यें वॉलिस, १७६८ मध्यें बूगेंव्हिल आणि १७६९ मध्यें कुक असे दर्यावर्दी येथें येऊन गेले होते. शुक्राचें सूर्यबिंबावरून होणारें अधिक्रमण कुकनें ज्या भूशिरावरून पाहिलें, त्यास अद्याप शुक्राच्याच नांवानें ओळखतात. या पाहुण्यांमागून धर्मोपदेशक आले, रोगराई आली, आणि शेवटीं राज्यकर्ते आले. १८४२ मध्यें बेट फ्रान्सच्या संरक्षणाखालीं गेलें, १८८० मध्यें पोमारे घराण्याच्या शेवटच्या राजानें तें फ्रान्सच्या स्वाधीन केलें, आणि आजहि तें फ्रान्सचाच सागरपारचा प्रदेश आहे. या बेटास स्वतःचें विधिमंडळ आहे, ध्वज आहे, गीत आहे. परंतु जगाच्या राष्ट्रसभेंत आसन नाहीं.

पापेएतेच्या समुद्रकांठीं तोआता नांवाची एक मोकळी जागा आहे. दर वर्षीं जुलै महिन्यांत तेथें हेइवा नांवाचा उत्सव होतो. गांवोगांवचीं नृत्यपथकें ढोलांच्या तालावर नाचतात, समूहगायनें होतात. उत्सवाच्या या थाटावरून कोणास वाटेल कीं, हें सर्व अखंड चालत आलेलें असावें. परंतु तसें नाहीं. १८१९ मध्यें धर्मोपदेशकांच्या सल्ल्यानें झालेल्या कायद्यानें जुनीं नृत्यें निषिद्ध ठरलीं होतीं. पुढें फ्रेंच राष्ट्रीय सणाच्या निमित्तानें त्यांस पुन्हां वाट मिळाली, आणि हेइवा हें आजचें नांव तर १९८५ पासूनचें आहे. हरवलेली वस्तु परक्याच्या सणांत हातीं लागावी आणि ती पुन्हां आपली करून घ्यावी, अशी ही हकीकत आहे. २०१३ मधील स्पर्धा खेळली गेली ती याच तोआताच्या आवारांत.

आतां खेळाविषयीं चार शब्द. वाळूवर पाय रुततो, चेंडू घरंगळत नाहीं, आणि एक उसळी दुसरीसारखी नसते. म्हणून येथें गवतावरच्या फुटबॉलचे नियम चालावयाचे नाहींत. मैदान सुमारें ३५ ते ३७ मीटर लांब व २६ ते २८ मीटर रुंद. वाळू चाळून खडे व शिंपले काढलेली. प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून अवघे पांच खेळाडू, सर्व अनवाणी. बदली खेळाडू कितीहि वेळां घ्यावेत. बारा मिनिटांचा एक असे तीन डाव. आपल्या हुतूतूप्रमाणें यालाहि दमच मुख्य लागतो, कारण भुसभुशीत वाळूंत चार पावलें धांवणें म्हणजे काय तें गुहागरच्या किंवा मुरुडच्या पुळणीवर मुलांमागें धांवलेल्या प्रत्येक वडिलांस ठाऊक आहे. चेंडू जमिनीवरून नेतां येत नसल्यामुळें तो हवेंतल्या हवेंत झेलून पुढें पाठवावा लागतो, आणि गोलाकडे पाठ असतांना उलट झेप घेऊन डोक्यावरून मारलेली लाथ हें या खेळाचें भूषण मानतात. बरोबरी ठेवून घरीं जाण्याची सोय नाहीं. निकाल लागलाच पाहिजे.

हा खेळ वाढला तो ब्राझिलांत, रिओ शहराच्या कोपाकाबाना किनाऱ्यावर. १९९२ मध्यें त्याचे नियम ठरले, आणि १९९५ मध्यें त्याच किनाऱ्यावर पहिली जागतिक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यांत ब्राझिलनें अमेरिकेचा ८-१ असा पराभव केला. २००५ पासून फिफा ही जागतिक संस्था स्वतः ही स्पर्धा भरवूं लागली. त्या वर्षीं, कोपाकाबानावरच, फ्रान्सनें विजेतेपद मिळविलें. पुढें स्पर्धा मार्सेय, दुबई, राव्हेन्ना अशीं गांवें घेत फिरूं लागली, आणि २०११ मध्यें राव्हेन्ना येथें ताहितीचा संघ प्रथमच तींत उतरला.

त्यानंतर दोन वर्षांनीं आपल्याच घरीं खेळावयाचा प्रसंग आला. परंतु त्यापूर्वींच्या जूनमध्यें एक कटु अनुभव बेटाच्या वांट्यास आला होता. ताहितीच्या अकरा जणांच्या संघानें २०१२ मध्यें ओशियानिया खंडाचें अजिंक्यपद मिळविलें, आणि त्यायोगें जून २०१३ मध्यें ब्राझिलांत भरलेल्या फिफाच्या कॉन्फेडरेशन्स चषकांत त्यांस प्रवेश मिळाला. त्या संघांत धंदेवाईक असा एकच खेळाडू होता; बाकीचे सारे नोकरीधंदा सांभाळून खेळणारे. नायजेरियानें त्यांचा ६-१, स्पेननें १०-० आणि उरुग्वेनें ८-० असा पराभव केला. तीन सामन्यांत चोवीस गोल अंगावर! या संघानें आपला एकुलता एक गोल नायजेरियाविरुद्ध केला, तेव्हां खेळाडू मैदानावर ओळीनें बसले आणि होडी वल्हवल्याचा अभिनय करूं लागले. ब्राझिलच्या प्रेक्षकांस तें इतकें भावलें कीं, पुढील सामन्यांत स्टेडियम या हरणाऱ्यांच्याच बाजूनें ओरडत होतें. शेवटच्या सामन्यानंतर या मंडळींनीं ब्राझिलचे आभार मानणारा फलक हातीं घेऊन मैदानास फेरी मारली. प्रेम पुष्कळ मिळालें. पण त्या प्रेमांत दयेचा अंश होता, आणि स्वाभिमानी माणसास दया लवकर पचत नाहीं.

तीन महिन्यांनीं तोआताच्या वाळूवर ताहितीचा दुसरा संघ उतरला. त्याचें टोपणनांव तिकी तोआ. तिकी म्हणजे कोरींव दैवतमूर्ति आणि तोआ म्हणजे योद्धा; पॉलिनेशियांत हाच तोआ शब्द सुरूच्या झाडासहि लावतात, कारण त्याच्या कठीण लांकडाचीं शस्त्रें करीत. कोंकणच्या किनाऱ्यावरील सुरूच्या बनांत बसून हें वाचणाऱ्यास तो शब्द विसरणें कठीण जाईल. उपांत्यपूर्व फेरींत या योद्ध्यांनीं अर्जेंटिनाचा ६-१ असा फडशा पाडला. उपांत्य सामन्यांत रशियानें त्यांस ५-३ असें हरविलें; तिसऱ्या स्थानासाठीं प्रत्यक्ष ब्राझिलशीं ७-७ अशी बरोबरी झाली, आणि केवळ पेनल्टीवर तें स्थान हुकलें. म्हणजे ज्या जूनमध्यें गवतावर ताहितीची कींव करण्यांत आली, त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत वाळूवर तिची गणना जगांतील पहिल्या चारांत झाली.

यावर कोणी सहज म्हणेल, “त्यांत काय विशेष? समुद्रकांठचीं माणसें तीं. वाळू त्यांच्या पायांत जन्मतःच असणार!” या बोलण्यास आमचा आक्षेप आहे. बूगेंव्हिलच्या काळापासून युरोपियनांनीं या लोकांस निसर्गाचीं लेंकरें ठरवून टाकलें, आणि त्यांच्या प्रत्येक गुणाचें श्रेय त्यांच्याकडून काढून हवापाण्यास दिलें. पण ती स्पर्धा जिंकली कोणीं? रशियानें, अंतिम सामन्यांत स्पेनला ५-१ असें हरवून. आणि २०११ चेंहि विजेतेपद रशियाचेंच होतें. ज्या देशांत अर्धें वर्ष बर्फ पडतें त्यानें वाळूवर राज्य करावें! २००९ मध्यें तर स्वित्झर्लंड, ज्यास समुद्रच नाहीं, अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला होता. वाळू कोणाचीहि वडिलोपार्जित मिळकत नाहीं. ती सरावानेंच वश होते. मात्र एक सवलत ती लहानांस देते. अकरा निष्णात खेळाडू, त्यांचे श्रीमंत संघ व मोठालीं मैदानें, हें सारें दोन लक्ष वस्तीच्या बेटानें कोठून आणावें? येथें पांच लागतात, बदलीचे धरून बारा. बारा माणसें तयार करणें लहानशा समाजासहि अशक्य नाहीं. फक्त तीं निवडून वर्षानुवर्षें एका कामास लावण्याची चिकाटी पाहिजे.

ती चिकाटी होती हें पुढच्या दोन स्पर्धांनीं दाखविलें. २०१५ मध्यें पोर्तुगालमधील एस्पिन्यो येथें ताहिती अंतिम सामन्यांत पोहोंचली आणि यजमानांकडून ५-३ अशी हरली. त्या स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडूचा मान हेइमानु ताइआरुइ या ताहितीच्याच खेळाडूस मिळाला. २०१७ मध्यें बहामा बेटांतील नासाऊ येथें पुन्हां अंतिम सामना, आणि ब्राझिलकडून ६-० असा पराभव. दोन वेळां उपविजेतेपद! या वेळीं आपल्या घरचे प्रेक्षकहि नव्हते आणि ढोलहि नव्हते.

या यशाचें मोल आणखी एका गोष्टीशीं ताडून पाहावें. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील लाटांवर स्वार होण्याच्या शर्यती पॅरिसपासून पंधरा हजारांहून अधिक किलोमीटर दूर, ताहिती इतीच्या तेआहुपो येथें झाल्या. पुरुषांचें सुवर्णपदक काउली व्हास्त या ताहितींतच वाढलेल्या तरुणानें मिळविलें. लाट ताहितीची, मुलगा ताहितीचा. पण पदक लिहिलें गेलें फ्रान्सच्या नांवें, आणि ध्वज चढला तो तिरंगी. ऑलिंपिकच्या वहींत ताहितीस वेगळें पान नाहीं. फुटबॉलच्या वहींत मात्र आहे, कारण १९९० पासून ती फिफाची स्वतंत्र सभासद आहे. म्हणून वाळूवर तिकी तोआ ओळीनें उभे राहतात तेव्हां त्यांच्यापुढें ताहितीचा लाल-पांढरा ध्वज असतो, आणि वाजतें तें ताहितीचें गीत. ज्यास राज्य नाहीं त्यास निदान छत्तीस मिनिटें तरी स्वतःच्या नांवानें हांक मारली जाते. ही हांक ऐकण्यासाठीं माणसें काय काय सोसतात, तें स्वातंत्र्यासाठीं झगडलेल्या आपल्या देशांत निराळें सांगावयास नको.

मे २०२५ मध्यें हीच स्पर्धा हिंदी महासागरांतील सेशेल्स बेटांवर झाली. तीं बेटें ताहितीहूनहि लहान. आफ्रिकेच्या बाजूस ती प्रथमच गेली होती. विजेतेपद ब्राझिलनें बेलारूसला ४-३ असें हरवून मिळविलें. म्हणजे अंतिम सामन्यांत पुन्हां एक समुद्र नसलेला देश! मूर्ति लहान पण कीर्ति महान, अशी म्हण आपण मुलांस लाडानें ऐकवितों. तिच्यामागें किती वर्षांचें अनवाणी धांवणें असतें, हें त्यांस सांगावयाचें असेल तर ताहितीची ही हकीकत उपयोगी पडेल. संध्याकाळीं अंगणांत पाय धुळीनें माखून घेऊन मुलें घरांत शिरलीं, तर त्यांस रागें भरण्यापूर्वीं आजीबाईंनींहि ती एकवार आठवावी.