तुला येते काय?

गेल्या वर्षी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला माझा एक विद्यार्थी श्रावणातल्या एका दुपारी भिजलेली पिशवी घेऊन शिक्षककक्षाच्या दाराशी उभा राहिला. सिल्वासाजवळच्या एका सुताच्या कारखान्यात तो नोकरी मागावयास गेला होता. अर्ज मी वर्गात सांगितला होता तसाच, शब्दाला शब्द. ‘सविनय सादर’पासून ‘आपला आज्ञाधारक’पर्यंत एकही अनुस्वार चुकला नव्हता. साहेबांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि हिंदीत विचारले, “तुला येते काय?” मुलाने उत्तर दिले, “दहावी.” “ते दिसले. पण येते काय?” मुलगा गप्प राहिला आणि परत आला.

मला तो शांतपणे म्हणाला, “बाई, हा प्रश्न तुम्ही घेतला नव्हता.”

विद्यार्थी मित्रहो, त्या वाक्याने मी जितकी खजील झाले तितकी कोणत्याही तपासनिसाच्या शेऱ्याने झाले नव्हते. नोकरीचा अर्ज मी इतकी वर्षे शिकवला तो गुणांसाठी. गंमत अशी की, हा प्रश्न मलाही एकदा विचारला गेला होता. कला शाखेची पदवी घेऊन मी पहिल्या मुलाखतीस गेले तेव्हा माझ्या मराठीतले कोंकणी हेल ऐकून समितीतले एक गृहस्थ हसले आणि त्यांनी नेमके हेच विचारले. मीही गप्पच बसले होते. घरी आल्यावर मात्र रात्रभर उत्तरे सुचत राहिली!

या मुलाला काय येत नव्हते? विहिरीवरच्या पंपाची मोटार तो खोलून पुन्हा बसवतो. पाड्यावरच्या साऱ्यांची विजेची बिले वाचून देतो. वडिलांच्या भाजीचा हिशेब त्याच्याच वहीत असतो. परंतु यांपैकी काहीही ‘येणे’ या सदरात मोडते, असे त्याला कोणी सांगितले नव्हते.

तेव्हापासून शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तासभर बसतो. प्रथम प्रत्येकाने आपल्याला येते ते लिहावयाचे. एका मुलीने लिहिले, ‘काही नाही.’ ती घरी वारली बोलते, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि चाळीतल्या उत्तर प्रदेशी शेजारणींशी हिंदी. दादऱ्याहून सिल्वासाला जाताना वाटेत लवाछा हे गुजरातचे गाव लागते; तेवढ्या प्रवासात या मुलीला तीन भाषा लागतात, आणि म्हणे काही नाही!

मग मी साहेब होते आणि एकेकाने खुर्चीसमोर यावयाचे. मान वर ठेवणे, प्रश्न न कळल्यास पुन्हा विचारणे, पगार किती, पाळी कोणती आणि नेमणूक कंपनीची की ठेकेदाराची, हे निःसंकोच विचारणे, याचीच अधिक तालीम करावी लागते. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला काय उत्तर द्यावयाचे, तेही घटवून घेते. एकाने मध्येच शंका काढली, “बाई, मोठ्या माणसांचीही मुलाखत होते का?” मला आपल्याच प्रदेशातली एक नेमणूक आठवली. १९५४ मध्ये मुक्त झालेला हा प्रदेश ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतात विलीन झाला, तेव्हा करारावर सही करण्यासाठी श्री. बदलानी यांना एका दिवसापुरते येथील पंतप्रधान करण्यात आले. त्यांची मुलाखत कोणी घेतली, यावर वर्गात बराच खल झाला.

माझ्या हातून एक चूकही घडली. उत्साहाच्या भरात मी एकाला ‘संगणक उत्तम येतो’ असे म्हणावयास लावले. त्याला तेथेच संगणकापुढे बसवले आणि पाच मिनिटांत त्याचे बिंग फुटले. अपमान त्याचा झाला, पाप माझे. आता हाताने करून दाखवता येईल तेवढेच यादीत राहते.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची ओळख मी प्रत्येक तुकडीला करून देते. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला ठराविक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात आणि त्यांना विद्यावेतन मिळते. आपल्या भोवती इतके कारखाने असताना ही गोष्ट घरोघरी ठाऊक नसावी, याचे मला नवल वाटते. तो पहिला मुलगा आज असाच शिकाऊ उमेदवार आहे. पाळी नसली की शनिवारी येतो, साहेबाच्या खुर्चीत बसतो आणि माझ्यापेक्षा कठोर प्रश्न विचारतो.

मध्यंतरी एका विद्यार्थिनीचे वडील मागच्या बाकावर येऊन बसले. बरीच वर्षे ठेकेदाराकडे मदतनीस होते, काम सुटले. त्यांची यादी सर्वांत लांब निघाली. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून कोठला धागा तुटणार ते त्यांना कळते. पण हे सांगणारा एकही कागद त्यांच्याजवळ नाही! असे अनुभवाने शिकलेले कसब तपासून प्रमाणपत्र देण्याची तरतूद २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत केली गेली, असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “बाई, पण मी तेथे होतो, हे कोण सांगणार?”

त्यांना अद्याप काम मिळालेले नाही. घरच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी पगाराच्या तीन जुन्या चिठ्ठ्या सापडल्या आहेत. येत्या शनिवारी त्या घेऊन येतो म्हणाले आहेत.